‘एलईडी कंट्रोलर’च्या नावाखाली गळ्यात मारलेला रेझिस्टर

मोटरसायकलला पहिल्यांदाच स्वतः एलईडी इंडिकेटर बसवणार असाल, तर ‘कंट्रोलर’ नावाच्या काळ्या डबीपासून सावध राहा. मला ती विकण्याआधी गाडीचं वायरिंगच नापास करण्यात आलं.

इंडिकेटर देताना दुकानदार म्हणाला होता, ‘जुने काढा, नवे लावा, बाकी कशाला हात लावायचा नाही.’ लावले. वायरी नीट जोडल्या, अर्थिंग घट्ट केलं, स्विच दाबला, तर दिवे वेड्यासारखे फडफडायला लागले. तक्रार घेऊन गेलो. त्याने तपासणीचे वेगळे पैसे घेतले, टेस्ट लॅम्प इकडेतिकडे टेकवला आणि निकाल दिला, ‘हार्नेस आतून गेलाय साहेब. अख्खा बदला, नाहीतर दोन्ही बाजूंना कंट्रोलर टाका.’ हार्नेसचा, म्हणजे गाडीच्या अख्ख्या वायरींच्या जुडग्याचा, भाव ऐकल्यावर कुणीही कंट्रोलरच घेतो. तो भाव ऐकवतात तोच त्यासाठी.

खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. बऱ्याच गाड्यांना १० वॅटचे बल्ब असतात. एका बाजूचे दोन मिळून १२ व्होल्टला दीड अँपिअरहून जास्त करंट घेतात. एलईडी त्या मानाने अगदीच किरकोळ. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, चालतो तोच या करंटच्या जोरावर. करंट घटला की एक बल्ब उडाला असं धरून तो वेग वाढवतो, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं. (काही गाड्यांत दिवा नुसता लागून राहतो.) खात्रीसाठी जुने इंडिकेटर तात्पुरते जोडून बघा. ते पूर्वीसारखे लुकलुकले, तर वायरिंग ठणठणीत आहे. तेव्हा ‘भंगार आहे, इथेच टाका’ असं कुणी म्हटलं तरी जुने सोडून येऊ नका. माझे घरी होते म्हणून हे उघडकीला आलं.

मग डबीच कापली. काळं एपॉक्सी खरवडल्यावर आतून निघाला पांढरा सिरॅमिकचा एकुलता एक रेझिस्टर, वर छापलेलं १० वॅट, १० ओहम. कंट्रोल करणारं आत काहीही नाही. तो एलईडीला समांतर बसून करंट खातो आणि तापतो, बस्स. १२ व्होल्टला त्यात १४ वॅटहून जास्त जिरतात. लुकलुकताना साधारण निम्मा वेळ उसंत मिळते म्हणून तगतो. माझ्या गाडीत सीटखाली त्याला गुंडाळलेली टेप चिकट होऊन ओघळली होती. एलईडीने वाचवलेली वीज अशी जाळायची, वर त्याचे पैसेही मोजायचे!

बदलायचा असतो तो फक्त फ्लॅशर. लोड कमी-जास्त झाला तरी वेग न बदलणारा, एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मागा. जुना सोबत न्या. दोन पिनांचा आहे की तीन, आणि कुठल्या पिनवर काय लिहिलंय, ते जुळवून घ्या.

मीटरवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असेल, तर अजून एक सापळा आहे. एलईडी लावल्यावर त्या दिव्यातून करंट पलीकडे जातो आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. डाव्या आणि उजव्या बाजूकडून त्या दिव्याला येणाऱ्या वायरींत एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, दोन्ही डायोडची पट्टा छापलेली टोकं एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला जोडा, दुसरं टोक अर्थला. मी पैसे परत मागायला गेलो तेव्हा याचाही विषय निघाला. उघडलेली डबी घ्यायला दुकानदाराने नकार दिला, तपासणीची पावती तर नव्हतीच. चार दिव्यांवर मात्र त्याच्याकडे उपाय तयार होता: ‘मीटर गेलाय साहेब, नवीन टाकू.’