गरम इंजिन दाखवून गळ्यात मारलेली चेनसॉ

मिलिंगसाठी, म्हणजे ओंडक्याच्या फळ्या पाडायला, जुनी मोठी चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) शोधत असाल तर आधी हे वाचा आणि मगच टोकन द्या. मला ज्याने गंडवलं तो काही भुरटा नव्हता, वर्षानुवर्षं झाडांवर चढून कामं केलेला धंद्यातलाच माणूस होता, आणि म्हणूनच त्याला ते इतकं सफाईने जमलं. सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट अर्धी खरी होती, आणि उरलेल्या अर्ध्यात माझे पैसे गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही दोरावर चढून झाडं उतरवतो, म्हणजे आधी फांद्या, मग शेंडा, मग खोडाचे तुकडे एकेक करून खाली. शेवटी उरतो बुंधा, आणि तो सरळ, जाड, चांगल्या लाकडाचा असला की जळणाला द्यायला जीव होत नाही. मग अलास्कन मिल, म्हणजे चेनसॉच्या बारला (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) कसायची चौकट, ती लावून आडव्या ओंडक्यावरून मशीन ढकलत ढकलत फळ्या पाडायच्या. पण झाडावर वापरतो ती पस्तीस-चाळीस सीसीची छोटी मशीन यात काहीच कामाची नाही. ओंडका आडवा तोडणं काही सेकंदांचं काम असतं, फळी पाडायला मात्र मशीन मिनिटंच्या मिनिटं फुल थ्रॉटलवर ओढावी लागते आणि तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. इंजिनला याच्याइतका छळ दुसरा नाही. त्यामुळे 90 सीसीच्या आसपासची मशीन लागते, नवी परवडत नाही, आणि सगळे जुन्याच्या मागे लागतात. हे विकणाऱ्यांनाही पक्कं माहीत असतं.

जाहिरात होती स्टिल कंपनीच्या एमएस 660 ची. 92 सीसी, कमी वापरलेली, सोबत मिलची चौकट, दोन रिपिंग चेन (फळ्या पाडायच्या खास चेन) आणि वर सेफ्टी पँट फुकट. हे मॉडेल बंद होऊन त्याच्या जागी 661 आलंय, तरी मिलिंगवाले अजून 660 शोधतात कारण कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्क्रूड्रायव्हरने सेट करता येतो. (कंपनीचा या सगळ्यात काही दोष नाही, हे आधीच सांगतो.) किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, आणि फारच स्वस्त असती तर मी गेलोच नसतो.

पोचलो तेव्हा मशीन गरम होती. म्हणाला, तुम्ही यायच्या आधी चालवून बघितली, मधेच बंद पडून तुमचा वेळ जायला नको. ऐकायला किती बरं वाटतं ना. पण झिजलेलं टू-स्ट्रोक इंजिन गरम असताना एका झटक्यात सुरू होऊ शकतं, त्याची खरी परीक्षा थंड असताना दोरी ओढली की होते. सुरू केली तर निळा धूर. मी विचारलं, तर म्हणतो मिलिंगसाठी मी पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घालतो, 50:1 च्या ऐवजी 32:1 (पेट्रोल:ऑइल), इंजिन टिकतं. आता हे मिलिंगवाले खरंच करतात! मी मान डोलावली. इंजिन वरच्या आरपीएमला किंचित गुरगुरत होतं, तर म्हणे मिलिंगसाठी रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त) ट्यून केलंय, लीन (हवा जास्त) ठेवलं तर पिस्टन जातो. हेही शंभर टक्के खरं आहे. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलचंच मिळतं, मिश्रणात हवा जास्त झाली की गर्मी वाढते आणि तेव्हाच वंगण कमी पडतं. फक्त त्याने ते रिच केलं होतं दुसऱ्याच कारणासाठी, ते पुढे येईल.

मी दोरीची टेस्ट केली. डिकॉम्प्रेशन बटण (सुरू करायला सोपं जावं म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारं) दाबलेलं नाही हे बघून, इंजिन बंद ठेवून मशीन स्टार्टरच्या हँडलला धरून लटकवायची, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असेल तर ती अडखळत हळूहळू खाली येते, गेलेलं असेल तर सरळ सुटते. माझ्या हातात ती मस्त अडखळली. नंतर मेकॅनिककडून कळलं की स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल आत सोडलं की ते पिस्टनच्या रिंगच्या आजूबाजूला बसतं आणि थोडा वेळ कॉम्प्रेशन चढलेलं दिसतं. मेकॅनिक लोक स्वतः हीच युक्ती दोष रिंगमध्ये आहे का हे शोधायला वापरतात, यांनी ती विकायला वापरली. धुराचं अर्धं कारण तेच.

मग म्हणलं सायलेन्सर काढून पिस्टन बघू. इथे पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला. सायलेन्सर उघडला की गॅस्केट जातं, जुन्या मॉडेलचं मिळत नाही, मग तुम्ही मशीन घेतली नाही तर माझं नुकसान. हे मात्र पूर्ण खोटं होतं, त्यात अर्धंसुद्धा खरं नव्हतं. मोजके नट-स्क्रू असतात, गॅस्केट किरकोळ वस्तू आहे आणि सहज मिळते. सायलेन्सर निघाला की एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनची बाजू सरळ दिसते. ती चकचकीत, एकसारखी हवी. उभे ओरखडे दिसले की विषय संपला, आवाज कितीही गोड असू दे. जुनी मशीन घेताना एवढी एकच तपासणी करायची असेल तर ही करा, आणि जो करू देत नाही त्याच्याकडून फुकट दिली तरी घेऊ नका. मी तिथूनच निघणार होतो, पण त्याने लगेच एक वाळका मऊ ओंडका पुढे घेतला आणि छोटा बार लावून झर्रकन कापून दाखवला. भुशाऐवजी मोठमोठे चिपोरे उडत होते, बघून कुणालाही मोह व्हावा.

त्या चिपोऱ्यांचंही गुपित सांगतो. चेनच्या प्रत्येक कापणाऱ्या दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात, दाताने किती खोल खायचं ते तो ठरवतो. साधारण 0.65 मिमीचा फरक ठेवतात. याने ते घासून बरेच खाली केले होते, त्यामुळे चेन लाकडात अधाशासारखी घुसते, बघणाऱ्याला वाटतं काय ताकद आहे. प्रत्यक्षात तशी चेन जास्त झटके देते आणि किकबॅकचा, म्हणजे बार उसळून अंगावर येण्याचा, धोका वाढतो. आणि त्या रिपिंग चेन नव्हत्याच! रिपिंग चेनच्या दाताचा वरचा कोन 10 अंशांच्या आसपास असतो, साध्या चेनचा 25 ते 35. या दोन्ही चेन साध्याच, नुसती नवीन धार लावलेल्या, त्यात एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड. अशी चेन मिलिंगमध्ये एका अंगाला ओढते आणि फळी लाटांसारखी निघते.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. त्याने सगळा वेळ मशीन उभी धरली. मिलवर चेनसॉ कुशीवर असते, बार आडवा. म्हणून मी आडवी करायला लागलो तर म्हणे झाकण ढिलं आहे, पेट्रोल सांडेल.

आमच्याकडे अक्रोडाचा एक सुंदर बुंधा राखून ठेवला होता. चेन आम्ही आमची चांगली लावली, मिश्रण नीट मोजून केलं, ट्यून त्याचाच ठेवला. पहिल्या फळीच्या मध्यावर मशीन गळाठली. थ्रॉटल सोडला तर आरपीएम खाली येईना, तसंच लटकून राहिलं, आणि लगेच स्विच मारेपर्यंत कर्रर आवाज येऊन इंजिन जाम. अक्रोडात अर्धी फळी, त्यात अडकलेला बार आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय.

मेकॅनिकने सिलिंडर काढला आणि एकेक बाहेर आलं. क्रँकचं सील (क्रँकच्या दांड्याभोवती हवा अडवणारी कडी) फाटलेलं, तिथून हवा आत जात होती, मशीन कुशीवर झाली की जास्तच. हवा शिरली की मिश्रण लीन होतं, ते झाकायला कार्बोरेटर एवढा रिच केलेला. आवाज सुधारला, पण लांब कटमध्ये गर्मी वाढल्यावर ते किती पुरणार. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे चरे, आणि त्या चऱ्यांखाली आडवेतिडवे बारीक पट्टे, म्हणजे आधी एकदा जाम झालेला पिस्टन सँडपेपरने घासून नवीन रिंग टाकून परत बसवलेला. कॉम्प्रेशन जाम होण्याआधी किती असेल ते आता कळायचं नाही, अशा मशीनला 150 पीएसआयच्या वर हवं. आणि मग त्याने व्हर्नियर लावून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला. 52 मिमी. ही 660 नव्हतीच. त्याच बॉडीत कंपनीची 650 यायची, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) दोन्हीचा 40 मिमी, पण 660 चा बोअर 54 म्हणजे 92 सीसी आणि 650 चा 52 म्हणजे 85. वरचं कव्हर 660 चं चढवलं की बाहेरून कळत नाही. क्रँककेसवरचा नंबर घासलेला होता, त्यामुळे मूळ मशीन कुणाची हाही प्रश्नच. नंबर गायब असेल तर मशीन चोरीचीसुद्धा असू शकते, ते लफडं वेगळं.

इथपर्यंत पैशाचं नुकसान झालं म्हणून सोडून दिलं असतं. डोकं फिरलं ते पुढच्या दोन गोष्टींनी. चेन ब्रेकचा दांडा त्याने बंद मशीनवर पुढे ढकलून खट्ट आवाज ऐकवला होता. आत ब्रेकचा पट्टाच नव्हता, दांडा नुसता खटखट करत होता. ब्रेक नेहमी चालू मशीनवर बघायचा, मशीन घट्ट धरून चेन फिरत असताना मनगटाने दांडा ढकलायचा, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि ती फुकटची पँट. सेफ्टी पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंडाळतात आणि चेन थांबते. या पँटच्या मांडीवर छान ठिगळ होतं, आतल्या थरातून आरपार शिवलेलं. शिवण आरपार गेली की धागे तिथेच बांधले जातात, सुटून बाहेर येत नाहीत. म्हणजे कुणाची तरी पँट एकदा कापली गेली होती, ती फेकायच्या ऐवजी शिवून मला भेट दिली. टॅगवर क्लास 1 लिहिलंय, म्हणजे 20 मीटर प्रति सेकंद वेगाच्या चेनला तपासलेली, पण ती तपासणी न शिवलेल्या पँटची. माणूस स्वतः या कामात राहिलेला आहे, त्याला हे माहीत नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

फोन केला तर उत्तर तयारच होतं, तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरला असाल. मी म्हणलं बिनऑइलचं चाललं तर पिस्टनला सगळीकडून ओरखडे पडतात, माझ्याकडे एकाच बाजूला आहेत, आणि सँडपेपर मी मारला का? त्यावर फोन कट, मग नंबर ब्लॉक. मेकॅनिकने सगळ्याचे फोटो काढून त्याच्या सहीचा रिपोर्ट दिलाय, तक्रार केलीय, व्यवहाराचे मेसेज जपून ठेवलेत कारण त्यात त्याने स्वतःच्या हाताने 92 सीसी लिहिलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत.

परवा कामातल्या जोडीदाराने एक नवीन जाहिरात दाखवली. वेगळं नाव, पण मजकूर तोच, मिलची चौकट, दोन रिपिंग चेन, सेफ्टी पँट फुकट. फोटोतही मशीन उभीच आहे. आम्ही दुसऱ्या नंबरवरून विचारलं, थंड इंजिन आणि सायलेन्सर काढून बघायला मिळेल का. मेसेज वाचलाय, उत्तर नाही.