एम-१९५५ की एम-६९?

व्हिएतनाम युद्धातली ही दोन अमेरिकी फ्लॅक जॅकेटं, म्हणजे सैनिकांची चिलखती जाकिटं. एम-१९५५ मरीन कोअरचं (अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या दलाचं), एम-६९ लष्कराचं. फोटोत सहज गल्लत होते, हातात घेतल्यावर नाही.

एम-१९५५ बोटांनी दाबून बघा. आत डोरॉनच्या, म्हणजे काचतंतूंच्या थरांच्या, कडक चौकोनी पट्ट्या लागतात. उजव्या खांद्यावर दोरखंडासारखा उंचवटा असतो, रायफलचा पट्टा घसरू नये म्हणून. खालच्या कडेला सामान अडकवायला धातूच्या छिद्रांची पट्टी. एकदा पाहिलं की विसरत नाही.

एम-६९ मध्ये पट्ट्या नाहीत, नायलॉनचे थर आहेत, प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेले. ओळख म्हणजे उभी कॉलर आणि दोन्ही बाजूंच्या नाड्या. आतल्या लेबलावरचा कंत्राट क्रमांक आधी वाचा. लेबल पुसलेलं असेल तर किंमत घासाघीस करूनच द्या.

संग्रहात एकच ठेवायचं असेल तर मी डोळे झाकून एम-१९५५ घेईन. त्याची रचनाच त्याची गोष्ट सांगते. दोन्ही धुऊ नका, आणि जाड, रुंद हँगरला लावा. मुळात ती तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांसाठी होती, रायफलच्या गोळीसाठी नव्हे. त्यामुळे आज संरक्षणासाठी अजिबात घालू नका.