सीएसआरचं अनुदान की ग्रामसंघाचा निधी?

गावातल्या एकल महिलांसाठी काही उभं करायचं म्हटलं की आमच्याकडे दोन दारं ठोठावली जातात. एक कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्च करायच्या पैशाचं. दुसरं उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, ग्रामसंघाचं. ग्रामसंघ म्हणजे गावातल्या महिला बचत गटांचा संघ. यवतमाळ जिल्ह्यात आम्ही तुरीच्या डाळीच्या कामासाठी दोन्हीकडचा पैसा घेतला. तुमच्या गावची गोष्ट वेगळी असू शकेल, आमचं काय झालं ते सांगतो.

रकमेत तर तुलनाच नाही. शेड, विजेचं कनेक्शन आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल, हे सगळं सीएसआरमुळे एका वर्षात झालं. परतफेड नाही. ग्रामसंघातून आमच्या गटाला समुदाय गुंतवणूक निधीचे ६० हजार मिळाले, तेही दशसूत्री, म्हणजे गट चालवायचे दहा नियम, पाळून दाखवल्यावर आणि व्याजाने परत करायच्या बोलीवर. तेवढ्यात शेडचे पत्रेसुद्धा आले नसते.

मात्र सीएसआर मागण्याआधी आपला नकाशा बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यातच कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं लिहिलं आहे. त्यामुळे वणीकडे कोळशाच्या किंवा गडचांदूरकडे सिमेंटच्या पट्ट्यातल्या गावांना हा पैसा जवळचा, कापूस-तुरीशिवाय काही नसलेल्या गावांना लांबचा. शिवाय तो गटाच्या हातात थेट येत नाही. मध्ये आयकराच्या १२ए, ८०जी आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ अशा नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम असलेली संस्था लागते. मंजुरी जानेवारीत आली तर ३१ मार्चची धावपळ ठरलेली. काम वर्षापलीकडे जाणार असेल तर ते बहुवार्षिक प्रकल्प म्हणून आधीच मंजूर करून घ्या, मग पुढची तीन वर्षं मिळू शकतात.

हे सगळं सोसता येतं. मला सोसलं नाही ते पक्कं बिल.

मशीन आलं, आता तूर घ्यायची होती. गटातल्या बायांच्याच घरात तूर पडलेली. पण कंपनीच्या माणसाने सांगितलं, जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं बिल पाहिजे, हातपावती ऑडिटला चालत नाही. त्याचाही इलाज नसावा, त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, मी आंगठा देतो ना. तिकीट लावून देतो. आमच्या गावात कोन देते पक्कं बिल?" पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं असतं, हे त्यांना बचत गटातूनच ठाऊक झालेलं.

नाहीच चाललं. मावशींना पैशांची निकड होती, त्यांनी तूर गावातल्या व्यापाऱ्याला घातली. दहा दिवसांनी आम्ही तालुक्याहून बिलासकट तूर आणली, हमाली आणि गाडीभाडं वेगळं. पोती उतरवताना मावशी एका पोत्यापाशी थांबल्या. त्याला हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं ठिगळ होतं. ते त्यांनीच घातलेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, ठिगळावरून नुसता हात फिरवला. त्यांच्यासाठी आलेल्या पैशातला नफा व्यापाऱ्याकडे गेला, आणि तो बिलाच्या अटीनेच नेला. मला ते अजून खुपतं.

पुढच्या हंगामात तूर ग्रामसंघाच्या पैशातून घेतली. तीन बाया मावशींच्या अंगणात गेल्या, काटा लावला, वजन वहीत लिहिलं, अंगठा घेतला, पैसे त्यांच्या खात्यावर. त्याच आठवड्यात तुरीला तेलाचा हात लावून ती वाळत पडली होती. व्याज भरलं, पण ते ग्रामसंघातच राहिलं आणि पुढे दुसऱ्या गटाच्या शेळ्यांना कामी आलं.

ग्रामसंघाचाही त्रास आहेच. एका गटाचा हप्ता थकला की दुसऱ्याचा प्रस्ताव अडतो, बैठका लांबतात, भाऊबंदकी ठरावाच्या वहीपर्यंत पोचते. सगळ्यात बिकट म्हणजे ज्या बाईच्या घरात कर्जापायी माणूस गेला, ती कर्ज या शब्दालाच भिते. तिच्यासाठी ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी, म्हणजे अडचणीतल्या घरांसाठी ठेवलेला पैसा, असतो, त्याची चौकशी आधी करा, नाहीतर नेमकी तीच बाई बाहेर राहते.

यंत्र आणि इमारतीसाठी सीएसआर घ्यायला माझी हरकत नाही. पण रोजचं काम चालवायला लागणारं भांडवल मी तरी ग्रामसंघाकडूनच घेईन, आणि दोन्हींतलं एकच निवडायची वेळ आली तर शेड छोटी ठेवून, डाळ जात्यावर भरडून, तिथूनच सुरुवात करीन.

सीएसआरच घ्यायचं ठरलं असेल तर करारावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी मागा: सभासदांकडून घेतलेल्या मालाला तिकीट लावलेली हातपावती आणि सोबत सातबाऱ्यावरचा पीकपेरा चालेल का. दुसऱ्या एका कंपनीने आम्हाला हे मान्य केलं. पहिल्या वेळी आम्ही विचारलंच नव्हतं.