आउटर वाइल्ड्स : सात महिने खेळल्यानंतर

गोष्ट चांगली म्हणून नावाजलेल्या बऱ्याच गेममध्ये थोडं खेळायचं आणि मग कंट्रोलर खाली ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं असतं. २०१९ साली आलेल्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये यान घेऊन एका छोट्या ग्रहमालेत हिंडायचं आणि गोष्ट आपणच शोधून काढायची. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा शेकोटीपाशी जागे होतो. नवं शस्त्र नाही, लेव्हल नाही. पुढच्या फेरीत सोबत येतं ते आधी कळलेलं, आणि यानातली नोंदवही.

(पुढे एका कोड्याचं उत्तर फुटतंय.) एंबर ट्विन या ग्रहावर शेजारच्या ग्रहाची वाळू सतत ओतत असते, गुहा भरत जातात. तिथे एका गुहेत अजस्र माशाचा सांगाडा आहे आणि नोमाई या कधीच नाहीशा झालेल्या जमातीच्या मुलांनी लिहून ठेवलेले खेळाचे नियम. त्यांची लिपी वेटोळ्यांची. एकाच्या वाक्याला दुसऱ्याचं उत्तर फांदीसारखं फुटतं. खेळ म्हणजे आपली आंधळी कोशिंबीरच : ज्याच्यावर राज्य तो मासा, त्याच्या डोळ्यांवर पट्टी, बाकीच्यांनी आवाज न करता निसटायचं. गोड वाटलं, पुढे गेलो. तीन आठवड्यांनी डार्क ब्रॅम्बल या काटेरी ग्रहाच्या धुक्यात चौथ्यांदा तसल्याच जिवंत माशाच्या तोंडी गेलो आणि ती मुलं आठवली. पुढच्या फेरीत आवाज नको म्हणून इंजिन बंद ठेवलं, स्टिकवरचा अंगठा काढला आणि यान त्या जबड्यांसमोरून नुसतं तरंगत जाऊ दिलं. कधीकाळच्या पोरांच्या खेळाने माझा जीव वाचवला होता. गोष्ट इतकी कामाला आलेली मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिली नाही.

खटकलं ते एवढंच की त्या शेजारच्या ग्रहावरची वाळू ओसरेपर्यंत काही ठिकाणी ताटकळावं लागतं. आणि मध्ये महिनाभर खंड पडला तर धागा सुटतो; मला नोंदवही पहिल्यापासून वाचावी लागली.

२०२१ सालचं ‘एकोज ऑफ द आय’ हे विस्तारित प्रकरणही घ्याच. तिथे जुन्या रहिवाशांची गोष्ट अक्षराशिवाय, नुसत्या स्लाइडच्या चित्रांतून कळते. काही चित्रं जाळलेली आहेत. कुणी आणि का, हे शोधता शोधताच आपण आत ओढले जातो.

आता शोधायचं काही उरलेलं नाही. तरी अधूनमधून गेम लावतो, यान ग्रहमालेपासून लांब नेतो आणि मागे वळून सिग्नलस्कोप, म्हणजे लांबचे आवाज पकडणारं यंत्र, धरतो. वेगवेगळ्या ग्रहांवर एकेकटे बसलेले प्रवासी : बँजो, बासरी, ड्रम, माउथ ऑर्गन, शीळ. इतक्या लांबून ते सगळे एका दिशेला येतात आणि एकच धून ऐकू येते.