घराचं एनर्जी मॉडेल: सगळ्यांना एकच वेळापत्रक, की प्रत्येक घराचं वागणं वेगळं?

एनर्जी मॉडेल, म्हणजे घराला किती ऊर्जा लागेल याचा संगणकावरचा हिशेब, करून घेताना सल्लागाराला आधी एकच विचारा: माणसांचं वागणं कसं धरणार आहात? एनर्जीप्लससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्लॅटना एकच ठरलेलं वेळापत्रक देता येतं. नाहीतर संभाव्यतेवर चालणारं मॉडेल जोडता येतं, म्हणजे प्रत्येक घर आपापल्या वेळेला एसी लावतं, खिडकी उघडतं.

भिंतीला एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) की वीट एवढंच ठरवायचं असेल, तर वेळापत्रक घ्या. माणसं दोन्हीकडे तीच राहिली तरच भिंतीचा फरक दिसतो. इको निवास संहिता 2018 या घरांसाठीच्या ऊर्जा संहितेतली आरईटीव्ही मर्यादा (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची), चौरस मीटरला 15 वॅट, तपासायला तर तेही लागत नाही. तो हिशेब भिंत, काच, छज्जा आणि दिशा यांचा.

रहिवाशांना बिलाचा आकडा सांगायचा असेल, तर मात्र एकच वेळापत्रक दिशाभूल करतं. 1970 च्या दशकात प्रिन्स्टनच्या संशोधकांना न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकसारख्या घरांच्या इंधनवापरात दुपटीचा फरक आढळला. घर तेच राहून कुटुंब बदललं की वापरही बदलत होता. आपल्याकडे एसी तासाला सरासरी 1 युनिट खातो असं धरा. एप्रिल-मेच्या 61 दिवसांत, झोपताना 4 तास लावणाऱ्या घरात 244 युनिट होतात, रात्रभर 10 तास लावणाऱ्या घरात 610. भिंत बदलून एवढा फरक क्वचितच पडतो.

ट्रान्सफॉर्मरचा लोड काढतानाही तेच. एकाच वेळापत्रकात सगळे एसी एकाच मिनिटाला सुरू होतात आणि कमाल मागणी फुगते. मग डायव्हर्सिटी फॅक्टर, म्हणजे सगळे एकदम चालत नाहीत यासाठीची सूट, अंदाजाने लावावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत तो मॉडेलमधूनच निघतो.

पण ही दुसरी पद्धत महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि आकडे कुठले वापरलेत यावर सगळं अवलंबून. खिडकी उघडण्याचं एक गाजलेलं मॉडेल स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका ऑफिस इमारतीतल्या मोजमापांवर उभं आहे. पुण्यात संध्याकाळी बाहेरचं तापमान उतरायला लागतं, नेमक्या त्याच वेळी डासांमुळे खिडक्या धडाधड बंद होतात. भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता आत अडकते आणि रात्री एसी लावावाच लागतो. जाळी असेल तर खिडकी उघडी राहते, वारा मात्र कमी येतो. हे मॉडेलमध्ये नसेल, तर 'नैसर्गिक वायुवीजनाने इतकी बचत' हा दावा मी तरी मान्य करणार नाही. अशा वेळी बाहेरचं तयार मॉडेल घेण्यापेक्षा वीसेक घरांना विचारून तीन-चार प्रकारची कुटुंबं ठरवावीत: दिवसभर आजी-आजोबा घरी, दोघं नोकरीला, घरूनच काम. आणि प्रत्येकासाठी वेगळं वेळापत्रक चालवावं. बहुतेक सोसायट्यांना मी हाच मार्ग सुचवेन.

एकाच जुन्या घराची दुरुस्ती असेल, तर आधी बारा महिन्यांची बिलं काढा आणि मॉडेल त्यांच्याशी जुळेपर्यंत वेळा दुरुस्त करा. 2012 च्या एका अभ्यासात जर्मन घरांचा हीटिंगसाठीचा प्रत्यक्ष ऊर्जावापर हिशेबापेक्षा सरासरी 30 टक्के कमी निघाला. जे घर आधीच काटकसरीने चालतं, तिथे कागदावरची बचत हाती लागत नाही.