व्हिडिओसाठी रिमोट घ्यायचाय? आयआर, ब्लूटूथ, वायर की फोनचं ॲप

एकट्यानं व्हिडिओ काढायचा म्हणजे रिमोट लागतोच, आणि घेताना सगळे रेंज किती नि किंमत किती एवढंच विचारतात, पण मी म्हणतो आधी हे बघा की रेकॉर्डिंग खरंच सुरू झालंय हे तुम्हाला उभ्या जागेवरून कळणारे का. कारण बहुतेक रिमोटवर सुरू आणि बंदचं बटण एकच. पहिलं दाबलेलं कॅमेऱ्यापर्यंत पोचलंच नाही तर पुढचं सगळं उलटं होत जातं, काम चालू असताना कॅमेरा बंद आणि आवराआवरीला लागलात की तो सुरू.

माझं झालंय असं. आई पुरणपोळी करून दाखवणार आणि मी बाजूला उभा राहून तिला बोलतं करणार असं ठरलेलं, कॅमेरा ओट्यावर स्टँडला टांगलेला, आयआर म्हणजे इन्फ्रारेड रिमोट माझ्या हातात. उंडा भरला, लाटला, तव्यावर टाकला, सगळं झालं. संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावलं तर क्लिपमध्ये रिकामा पोळपाट, त्यावर सांडलेली पिठी आणि ती पुसणारा आईचा हात. पोळीची एक फ्रेम नाही. आईनं दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या, पण आदल्या दिवशी लाटता लाटता ती तिच्या आजीबद्दल जे बोलली ते परत तसं आलं नाही.

तर आयआर. स्वस्त, बटणसेल वर्षानुवर्षं चालतो, पेअरिंगची भानगड नाही. पण टीव्हीच्या रिमोटसारखंच, समोरून नेम धरावा लागतो, सेन्सर बहुतेक कॅमेऱ्यांना पुढच्या बाजूला ग्रिपवर असतो त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून दाबलं तर हमखास चुकतं, आणि भर उन्हात तर रेंज आणखीच कमी होते. उदाहरणार्थ कॅननचा आरसी-६, रेंज साधारण ५ मीटर, आणि त्यात एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते: ६००डी, ७००डी सारख्या कॅनन कॅमेऱ्यांच्या बॉडीवर ड्राइव्ह मोड (फोटो कसा निघणार ते ठरवणारी सेटिंग) सेल्फ-टायमर/रिमोटवर ठेवायचा आणि रिमोटचं बटण २ सेकंदांच्या बाजूला सरकवायचं, तरच व्हिडिओ सुरू होतो, दुसऱ्या बाजूला असलं की नुसता फोटो निघतो. रिमोट मेलाय का बघायचं असेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा लावून त्यातून रिमोटच्या टोकाकडं बघत बटण दाबा, जांभळट लुकलुक दिसली की रिमोट ठीक आहे. हात पिठाचे असतील तर पातळ पारदर्शक पिशवीत घालून वापरा, आरामात चालतो.

ब्लूटूथला नेम धरायला लागत नाही, खिशातूनसुद्धा दाबता येतं, एकट्यानं काम करणाऱ्याला हाच मोठा फायदा. कॅननच्या बीआर-ई१ वर व्हिडिओसाठी वेगळी खाच आहे, सोनीच्या आरएमटी-पी१बीटी वर तर वेगळं बटणच, शिवाय बारीक एलईडी आहे जो कॅमेऱ्याची स्थिती दाखवतो, आणि माझ्यासाठी पैसे द्यायचं कारण तो दिवाच आहे. दोष दोन. जुन्या बॉडीला चालत नाही, म्हणून घ्यायच्या आधी तुमचं मॉडेल यादीत आहे का ते बघायचंच. आणि कॅमेरा झोपून उठला की परत जोडायला क्षणभर लागतो, त्या क्षणात दाबलेलं वाया जातं. मी ऑटो पॉवर ऑफ बंदच ठेवतो.

वायरवाल्यात लोक फार फसतात. २.५ मिमी पिनचा साधा शटर रिलीज, म्हणजे फोटो काढायचं वायरवालं बटण, स्वस्तात मिळतो, पण तो मुळात फोटोसाठी, बऱ्याच कॅमेऱ्यांवर त्यानं व्हिडिओ सुरूच होत नाही. सोनीचा आरएम-व्हीपीआर१ चालतो, त्यावर रेकॉर्डचं बटण आहे. कॅमकॉर्डर असेल तर लँक (कॅमकॉर्डर वायरनं चालवायची पद्धत) रिमोट बघा, ट्रायपॉडच्या दांड्याला लागतो आणि कॅमेऱ्याकडून उलट माहितीही येते. कीर्तन, व्याख्यान असं तास-दोन तासांचं काम असेल तर मी डोळे झाकून हाच सांगीन.

लांबच्या कार्यक्रमात अजून एक ध्यानात ठेवा, जुने बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. तुम्हाला वाटतं चालूच आहे, शेवटी बंद करायला बटण दाबता आणि तिथं नवीन क्लिप सुरू होते. म्हणजे परत तेच उलटं चक्र.

फोनचं ॲप फुकट, आणि चित्र दिसतं, फ्रेम दिसते, लाल ठिपका दिसतो, म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर हेच. पण वायफाय जोडायला वेळ जातो, दोन्हीकडची बॅटरी उतरते, आणि मळलेल्या हातानं स्क्रीन चालत नाही. घरी बसून शिकवणीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र आधी हेच करून बघावं, काहीच विकत घेऊ नये.

फोननंच शूट करत असाल तर शंभर-दोनशेतला ब्लूटूथ रिमोट पुरतो, तो फोनला आवाज वाढवायचं बटण दाबल्यासारखं सांगतो, बास, आणि स्क्रीन तुमच्याकडं वळवलेली असेल तर सेकंद पळताना दिसतातच.

आईच्या स्वयंपाकाला आता मी ब्लूटूथ वापरतो आणि कॅमेऱ्याची स्क्रीन उघडून ओट्याकडं वळवून ठेवतो. विकत घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या, व्हिडिओ मोडवर टाका, पाच पावलं मागं जाऊन तीनदा सुरू-बंद करा आणि तिन्ही क्लिप तिथंच उघडून बघा.