सू-व्हीड कांडी: मटणाला उत्तम, घाईत निरुपयोगी
सू-व्हीड म्हणजे पिशवीत बंद केलेलं मांस गरम पाण्यात सावकाश शिजवणं. त्यासाठी पातेल्यातलं पाणी नेमक्या तापमानावर फिरवत ठेवणारी ही कांडी घ्यावी ती बोकडाच्या खांद्यासाठी. ६५ अंशांवर २४ तासांत मांसातल्या चिवट कोलॅजेनचं मऊ जिलेटिन होतं आणि कुकरइतका रसही पिळून निघत नाही. असं मटण पचायला हलकं, हा दावा मात्र बेतानेच घ्या. १०० अंशांच्या पुढे प्रथिनं एकमेकांत गुंततात, पचन मंदावतं; पण शेवटी अंगी लागतं ते जवळपास तेवढंच. कच्चं आलं किंवा पपई चोळू नका. त्यांतली विकरं (एन्झाइम) या उबेत जोमाने काम करतात आणि मटणाचा लगदा होतो. वाटण परतून, गार करूनच पिशवीत भरा. पिशवी तरंगली तर वरचा भाग कोमट राहून जिवाणू वाढतात, म्हणून ताटलीने दाबा. पाणी आटलं की यंत्र बंद पडतं, झाकण हवंच. रस्सा वेगळा करावा लागतो, ही खरी कटकट.